कार्यस्थळातील कलावंत : मिरजेचा तंबोरा आणि छायाचित्रातील व्यक्तिचित्रणाचा प्रश्न

प्रस्तावना

व्यक्तिचित्र म्हणजे चेहरा, ही समजूत छायाचित्रणाच्या आरंभापासून दृढ झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील शहरांत जे छायाचित्रांचे स्टुडिओ उभे राहिले, त्यांनी चेहऱ्याभोवती एक ठरावीक साज रूढ केला. मागे रंगवलेला पडदा, बाजूला छोटे मेज, त्यावर फुलदाणी आणि मध्यभागी ताठ बसलेली व्यक्ती. ती व्यक्ती गायक असली तर जवळ तंबोरा आणि छातीवर पदके. या तंबोऱ्याचे त्या चित्रातील स्थान ओळखीच्या खुणेचे असते. राजाच्या चित्रात तलवार असते तसा गायकाच्या चित्रात तंबोरा असतो. तो कोणी घडवला, हा प्रश्न ते चित्र विचारत नाही आणि पाहणाऱ्यालाही तो सुचत नाही.

विसाव्या शतकात कलावंताला त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या साधनांसह टिपण्याची पद्धत प्रतिष्ठित झाली. प्रस्तुत लेखात या प्रकारास 'कार्यस्थळातील व्यक्तिचित्र' असे संबोधले आहे. अमेरिकन छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन (१९१८–२००६) हे या प्रकाराचे अध्वर्यू मानले जातात. त्यांनी १९४६ मध्ये टिपलेले संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. पियानोचे उघडे झाकण चौकटीचा बहुतांश भाग व्यापते आणि संगीतकार खालच्या डाव्या कोपऱ्यात, हातावर डोके टेकून बसलेला दिसतो. झाकणाचा काळा आकार पाश्चात्त्य स्वरलेखनातील कोमल स्वराच्या चिन्हाची आठवण करून देतो. मात्र हा पियानो स्त्राविन्स्की यांचा नव्हता. छायाचित्र न्यूयॉर्कमधील एका संपादकाच्या घरी घेतले गेले होते. म्हणजे ज्या चित्राला या प्रकाराचा आदर्श म्हटले जाते, त्यातील 'परिसर' उसना आहे. तरीही चित्र खरे वाटते, कारण संगीतकाराचे त्याच्या संगीताशी असलेले नाते त्यात आहे. याउलट खऱ्याखुऱ्या जागी, खऱ्या साधनांसह घेतलेले चित्र या नात्याबाबत मुके राहू शकते. मिरजेच्या वाद्यनिर्मात्यांची जी छायाचित्रे आजवर सर्वत्र पाहावयास मिळतात, त्यांच्याबाबत नेमके हेच घडले आहे.

भोपळ्यांच्या राशी

सांगली जिल्ह्यातील मिरज हे संगीताचे गाव आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी येथे शिकवले, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे येथेच शिकले आणि १९३१ मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना ते निवर्तले, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीत सभा भरते. या वातावरणात तंतुवाद्ये घडवण्याचा व्यवसाय सुमारे दीडशे वर्षांहून अधिक काळ वाढला. परंपरेनुसार त्याचा आरंभ शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांच्याकडे जातो. शस्त्रांना धार लावणारे हात, संस्थानी काळात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, सतारी व तंबोरे यांच्याकडे वळले. गावातील सतारमेकर गल्ली या स्थित्यंतराची साक्ष आजही देते. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना स्वतंत्रपणे भौगोलिक मानांकन मिळाले.

या मानांकनाच्या निमित्ताने आणि त्यापूर्वीही वृत्तपत्रे, पर्यटनविषयक पुस्तिका, दिनदर्शिका यांतून मिरजेच्या कारागिरांची छायाचित्रे प्रसिद्ध होत आली आहेत. त्यांची रचना इतकी ठरून गेली आहे की एक पाहिले तर बाकीची पाहिल्यासारखी होतात. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारे वाळलेले कडू भोपळे एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या मधोमध कारागीर बसलेला असतो, मान खाली, हातात पटाशी किंवा रंगाचा कुंचला. भिंतीला तुणीच्या लाकडाच्या दांड्या टेकवलेल्या असतात. दारातून येणारा उजेड भोपळ्यांच्या गोलाईवर पडतो आणि चित्र देखणे होते. छायाचित्रकाराला दोष द्यावा असे यात वरकरणी काही नाही. भोपळा ही वस्तूच अशी आहे की तिच्यापुढे कॅमेरा आपोआप थांबतो.

परंतु या चित्रांत पाहणाऱ्याची नजर प्रथम भोपळ्यांवर जाते, मग हातांवर, आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचलीच तर तेथे तिला टाळू किंवा टोपी दिसते. माणसाला परिसराने समजावून सांगायचे, तर येथे परिसराने माणसाला गिळले आहे. भोपळे हा कच्चा माल आहे. कुंभाराचे चित्र मातीच्या ढिगाचे, किंवा लेखकाचे चित्र कोऱ्या कागदांच्या रिमांचे काढून भागणार नाही, हे सहज मान्य होते. वाद्यनिर्मात्याच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर समाधान मानले जाते.

नाव आणि नमुना

या सवयीला इतिहास आहे. मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील विविध जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली असून, त्यांच्यामागील दृश्य दुसऱ्या छायाचित्रातून आणून जोडलेले आहे. परिसर येथे अक्षरशः चिकटवलेला होता. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा शासकीय प्रकल्प प्रकाशित झाला. त्यात छायाचित्रांखाली बहुतांश ठिकाणी जात, जमात किंवा धंदा यांची नोंद आहे, व्यक्तीची ओळख क्वचितच. चित्रातील माणूस म्हणजे एका वर्गाचा नमुना, ही दृष्टी या प्रकल्पांनी रुजवली. वसाहतीचा काळ संपला तरी मथळ्याची ही रीत संपली नाही. 'मिरज येथे तंबोरा तयार करताना कारागीर' हा मथळा त्याच वंशातील आहे.

जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांच्याही चित्रांखाली नावांऐवजी व्यवसाय आहेत, असा आक्षेप यावर घेता येईल. त्यांचा १९२८ मधील मिठाईवाला, भांडे ढवळत कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा, हा व्यवसायाच्या नावानेच प्रसिद्ध झाला. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. मात्र झांडर यांची माणसे कॅमेऱ्याच्या नजरेला नजर देतात. छायाचित्र काढले जात आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ते त्यात सहभागी असतात. नाव नसले तरी तेथे व्यक्ती उरते. अर्व्हिंग पेन यांनी १९५० व १९५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथे छोट्या व्यवसायांतील माणसांची चित्रे घेतली, तीही येथे विचारात घेण्याजोगी आहेत. पेन यांनी या माणसांना त्यांच्या जागेतून उचलून स्टुडिओतील साध्या पडद्यापुढे आणले. अंगावर कामाचे कपडे आणि हाती अवजार, एवढेच त्यांच्याबरोबर येऊ दिले. परिसर संपूर्ण वजा झाला आणि माणूस अधिक ठळक झाला. कार्यस्थळ हे व्यक्तिचित्राला आपोआप सखोल करते, या समजुतीला पेन यांचे हे काम सणसणीत उत्तर आहे.

मिरजेच्या संदर्भात नावाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. 'सतारमेकर' हे येथील अनेक कुटुंबांचे आडनाव आहे, अर्धे देशी आणि अर्धे इंग्रजी. धंद्याचेच आडनाव झाले. त्यामुळे छायाचित्राखाली केवळ 'सतारमेकर' असे छापले तर ते नाव आहे की व्यवसाय, हे वाचकाला उलगडत नाही. जेथे आडनावच व्यवसाय सांगते, तेथे व्यक्तीचे स्वतःचे नाव देणे अधिक आवश्यक ठरते. गायकाच्या छायाचित्राखाली 'मैफलीत गाताना एक गायक' असे छापण्याचे धाडस कोणतेही नियतकालिक करणार नाही. कलावंत आणि कारागीर यांतील भेद सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत जितका सूक्ष्मपणे मांडला जातो, तितकाच तो छायाचित्राखालच्या एका ओळीत ढोबळपणे पाळला जातो.

जवारी : न दिसणारे काम

तंबोऱ्याची निर्मिती अनेक टप्प्यांत होते. भोपळा कापून त्याला तबली बसवणे, गळा आणि दांडी जोडणे, खुंट्या बसवणे, नक्षी काढणे, लाखेचे पॉलिश चढवणे हे टप्पे डोळ्यांना दिसतात आणि त्यांची छायाचित्रे निघतात. नक्षीकामाची तर सर्वाधिक निघतात. हस्तिदंताचा वापर कायद्याने बंद झाल्यानंतर नक्षीसाठी प्लास्टिकसारखे पर्याय आले, तरी छायाचित्रात ते तितकेच शोभून दिसतात. ज्या टप्प्यावर तंबोऱ्याचे तंबोरापण ठरते, तो टप्पा मात्र या चित्रमालिकांत बहुधा नसतो. तो टप्पा म्हणजे जवारी लावणे.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अतिशय सौम्य उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उताराला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि त्यातून मूळ स्वरासोबत त्याच्या उपस्वरांची झळाळी उमटते. तारेखाली सरकवलेला बारीक दोरा हा स्पर्श नेमका करतो. उतार किंचित जास्त झाला तर आवाज बोथट होतो, किंचित कमी झाला तर तार झणझणते. कारागीर कानशीने घोडी घासतो, तार चढवतो, छेडतो आणि ऐकतो. मग तार उतरवून पुन्हा घासतो. हे किती वेळा करायचे याचे माप नाही. कोणती जवारी उघडी आणि कोणती बंद, गायकाच्या पट्टीला काय मानवेल, याचा निवाडा कानाने होतो. घोडीवरून निघणारा कीस नखावर मावेल एवढा असतो. येथे हात जे करतो ते जवळपास दिसत नाही आणि कान जे करतो ते मुळीच दिसत नाही.

छायाचित्र हे मुके माध्यम आहे. ऐकणे त्याने कसे दाखवावे? हा या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि मिरजेच्या प्रचलित छायाचित्रांचे खरे अपयश या प्रश्नाला बगल देण्यात आहे. भोपळ्यांच्या राशी सोप्या आहेत म्हणून त्या घेतल्या जातात. वास्तविक माध्यमाच्या मर्यादेतही काही वाटा उपलब्ध आहेत. शटरचा वेग पुरेसा मंद ठेवला, तर छेडलेली तार रेषा न राहता फुगीर, धूसर पट्टी बनते आणि स्थिर चेहऱ्याशेजारी तिचे कंपन डोळ्यांना दिसते. यासाठी कारागिराने तेवढा वेळ निश्चल राहावे लागते. परंतु जवारी तपासताना तो निश्चलच असतो. घासणे थांबलेले असते, छेडलेल्या तारेचा नाद विरत असतो आणि माणूस तेवढा वेळ दुसरे काहीही करत नाही. चित्र घ्यावे ते या क्षणाचे. प्रकाशाचा प्रश्नही येथे तांत्रिक राहत नाही. फ्लॅशच्या झगझगाटात भोपळे, भिंती, कॅलेंडर आणि माणूस हे सारे एकाच मोलाचे होऊन बसतात. दारातून किंवा खिडकीतून येणारा उजेड निवड करतो.

या कामाला आणखी एक प्रसंग जोडावा लागेल. गायक स्वतः वाद्य निवडण्यासाठी मिरजेस येतो, आपली पट्टी सांगतो, तंबोरा मांडीवर घेऊन स्वर लावतो आणि निर्माता समोर बसून दोन्ही ऐकतो. तेव्हा गायकाच्या गळ्याची परीक्षा कारागीर करत असतो आणि कारागिराच्या कानाची गायक. दोन कलावंत एका चौकटीत, एकाच वेळी आपापल्या कामात मग्न, अशी स्थिती व्यक्तिचित्रकाराला क्वचितच लाभते. तरी प्रचलित छायाचित्रांत या दोघांना नेहमी वेगवेगळ्या पानांवर ठेवले गेले आहे.

कालावधीचा प्रश्न

अशा चित्रासाठी एका दुपारची भेट पुरत नाही. मराठी मुलखात या बाबतीत एक ठोस उदाहरण उपलब्ध आहे, ते संदेश भंडारे यांच्या 'तमाशा : एक रांगडी गंमत' (२००६) या छायाचित्रग्रंथाचे. तमाशा आणि दक्षिण साताऱ्याचा हा भाग यांचे नाते जुने आहे. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. तेव्हा तो तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. भंडारे यांनी फडांबरोबर राहून, त्यांच्यासोबत प्रवास करून तमाशा टिपला. त्यामुळे त्यांच्या चित्रांत बोर्डावरील नाच आहे, तसेच राहुटीतील संसार, रंगरंगोटी, प्रवास आणि थकवाही आहे. तमाशाकलावंताचे कार्यस्थळ म्हणजे केवळ रंगमंच नव्हे, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. परिसर येथे शोभेसाठी येत नाही. कलावंत ज्या परिस्थितीत कला टिकवतो, ती परिस्थिती म्हणून तो येतो.

शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात दयानिता सिंग यांचे 'झाकिर हुसेन' (१९८६) हे पुस्तक याच जातीचे आहे. मैफलीखेरीजच्या वेळीही त्या या तबलावादकासोबत वावरल्या आणि त्या सहवासाची खूण चित्रांवर आहे. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचा मार्ग अगदी निराळा. 'चेहरे'मध्ये परिसर बहुतांशी गळून पडतो, प्रकाश चेहऱ्यावर स्थिरावतो आणि व्यक्तीचे सौंदर्य हेच चित्राचे प्रयोजन ठरते. ही शैली हिणवण्याचे कारण नाही. परंतु ती प्रामुख्याने ज्यांचे नाव आधीच सर्वतोमुखी आहे त्यांना मानवते, हे नोंदवले पाहिजे. अनाम चेहऱ्याला केवळ चेहऱ्याच्या बळावर उभे करणे अवघड असते. त्याला कामाचा आधार लागतो. म्हणूनच मिरजेच्या कारागिराच्या संदर्भात कार्यस्थळ टाकून देण्याचा पेन यांचा मार्ग अंशतःच उपयोगी पडेल. अवजार हातात धरून त्याला पडद्यापुढे उभे केले तर हात दिसेल, कान दिसणार नाही.

वेळ थोडा आहे, हेही खरे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रचारात आला आणि त्यामागोमाग मोबाइलवरील तानपुरा आला. रियाजासाठी नवे वाद्य घेणारा विद्यार्थी कमी झाला. जवारी जाणणारा कान वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होतो, मानांकनाच्या प्रमाणपत्राने होत नाही.

औंधचा स्वरमंच

मिरजेत घडलेला तंबोरा जेथे जाऊन वाजतो अशा ठिकाणांपैकी एक सातारा जिल्ह्यातील औंध होय. औंध संस्थानचा प्रदेश आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेला होता. कुंडल व आटपाडी हे भाग त्याचेच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतच्या कलाकृती आहेत. लाहोरला चित्रकला आणि छायाचित्रण यांचा व्यवसाय केलेले पंडित श्री. दा. सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधला येऊन राहिले. म्हणजे जाणती दृष्टी या गावाला नवी नव्हती. तरी कलाकृती संग्रहालयात पोहोचते, ती जेथे घडली ती जागा पोहोचत नाही, हे औंधच्या दालनांतूनही जाणवते. हा दोष औंधचा नव्हे. बहुतेक सर्व संग्रहालयांची घडणच अशी असते.

औंधला अंतुबुवा जोशी आणि त्यांचे पुत्र गजाननबुवा यांच्या परंपरेतून चालत आलेला संगीत महोत्सव होतो. अशा कोणत्याही महोत्सवातील छायाचित्र घ्यावे. मध्यभागी गायक, हात उंचावलेला, डोळे मिटलेले. उजव्या-डाव्या बाजूंना तबला आणि संवादिनी. मागे दोन तंबोरे, त्यांच्या आड शिष्य अर्धेमुर्धे झाकलेले. चौकट आखडती घेतली असेल तर तंबोऱ्यांचे भोपळे खाली कापले जातात आणि दांड्या तेवढ्या गायकाच्या खांद्यांमागून वर आलेल्या दिसतात. मिरजेच्या छायाचित्रांत भोपळेच भोपळे असतात, महोत्सवाच्या छायाचित्रांत ते चौकटीबाहेर जातात. वाद्यावर पेढीचे नाव लावलेले असले तरी या अंतरावरून ते वाचता येत नाही.

गायकाचे मिटलेले डोळे मात्र या चित्रांत हमखास टिपलेले असतात. ऐकण्यात बुडालेला माणूस म्हणून तो चेहरा आपण लगेच ओळखतो, आणि त्याला कलावंताचा चेहरा म्हणतो. जवारी तपासणाऱ्या कारागिराचा चेहराही त्या वेळी असाच असतो. डोळे मिटलेले किंवा शून्यात, मान तारेकडे कललेली. फरक एवढाच की त्याच्या समोर श्रोते नसतात आणि उजेड एकाच दारातून येतो. तो दाराकडे पाठ करून बसला असेल, तर छायाचित्रकाराला त्याला थोडे वळून बसण्याची विनंती करावी लागेल. उजेड त्याच्या कानाच्या बाजूने यावा, एवढ्यापुरतीच.